कलोनचा हल्ला आणि लेस्ली मॅन्सर

ऑगस्ट १९४१मध्ये ब्रिटिश सरकारपुढे एक अस्वस्थ करणारा अहवाल आला. रात्रीच्या हवाई हल्ल्यांची छायाचित्रं तपासल्यावर दिसलं, की लक्ष्यावर बॉम्ब टाकल्याचं सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमानं लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचली होती. एवढा खर्च आणि एवढे जीव घेणारी बॉम्बर कमांड, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाची बॉम्बफेकी विमानांची शाखा, हवीच कशाला, असा सवाल होऊ लागला. फेब्रुवारी १९४२मध्ये आर्थर हॅरिस तिचे प्रमुख झाले ते अशा वातावरणात. टीकाकारांना उत्तर म्हणून त्यांनी एक आकडा पुढे केला: एका रात्रीत, एका शहरावर, एक हजार विमानं.

आघाडीवर नेहमी उडणारी विमानं होती चारशेच्या आसपास. किनाऱ्यावर गस्त घालणारी विमानं द्यायला नौदल तयार नव्हतं. मग प्रशिक्षण केंद्रांतले शिक्षक, अर्धवट तयार झालेले विद्यार्थी, राखीव साठ्यातली जुनी विमानं, असं मिळेल ते गोळा करण्यात आलं. आधी ठरलेलं हॅम्बुर्ग हवामानामुळे मागे पडलं आणि ३० मेच्या रात्री १,०४७ विमानं जर्मनीतल्या कलोन शहराच्या दिशेने निघाली.

त्यांतलं एक लेस्ली मॅन्सर चालवत होता. त्याचा जन्म ११ मे १९२२चा, नवी दिल्लीतला. वडील इथल्या टपाल आणि तार खात्यात अभियंता होते. १९४०च्या ऑगस्टमध्ये तो हवाई दलात दाखल झाला आणि वर्षभरात ५० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये पोचला. कलोनच्या रात्री त्याला वीस वर्षं पूर्ण होऊन तीन आठवडेही झाले नव्हते.

त्याच्या हाती आलेलं विमान होतं मँचेस्टर. या जातीच्या विमानाची दोन व्हल्चर इंजिनं बेभरवशाची म्हणून वैमानिकांत बदनाम होती. एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्याच्या जोरावर उंची टिकवणं जवळजवळ अशक्य. याच विमानाला चार मर्लिन इंजिनं बसवून पुढे लँकेस्टर घडलं आणि त्याने नाव कमावलं. मँचेस्टर मात्र कलोननंतर महिन्याभरातच मोहिमांतून काढून टाकलं. ते थकलेलं विमान त्या रात्री आकाशात होतं ते हजाराचा आकडा भरायचा होता म्हणून, असं मला ठामपणे वाटतं.

आगलाव्या बॉम्बनी भरलेलं हे विमान सात हजार फुटांच्या वर चढेना. मॅन्सर तसाच पुढे गेला. बॉम्ब टाकून वळताना तोफगोळ्यांनी विमान विंधलं गेलं आणि शेपटीकडचा बंदूकधारी जखमी झाला. सर्चलाइटच्या झोतांतून सुटण्यासाठी मॅन्सरने विमान जमिनीपासून आठशे फुटांपर्यंत खाली नेलं. ते कसंबसं वर येत होतं तोच डावं इंजिन पेटलं. आग विझेपर्यंत मॅन्सर थांबला. भार कमी करायला सुटं सामान बाहेर फेकण्यात आलं, तरी उंची घटतच राहिली. खरं तर याआधीच साऱ्यांना सुखरूप उड्या मारता आल्या असत्या, पण शक्य तेवढं घराच्या जवळ पोचायचं त्याने ठरवलं होतं.

अखेर बेल्जियमवर असताना त्याने उड्या मारायचा हुकूम दिला. सहवैमानिक लेस्ली बेव्हिस्टॉकने पॅराशूट त्याच्यापुढे धरलं. मॅन्सरने ते बाजूला सारलं आणि त्याला बाहेर पडायला लावलं. सुकाणू सोडलं असतं तर विमान क्षणात कलंडलं असतं आणि मागचे आतच अडकले असते. बेव्हिस्टॉकने उडी मारली तेव्हा उंची इतकी कमी होती, की पॅराशूट नीट उघडलंही नाही. खाली पाणी असल्याने तो वाचला. ब्रे गावाजवळ विमान कोसळून पेटलं. मॅन्सर त्यातच गेला. उरलेले सहाही जण जगले.

त्यांतला एक पकडला गेला. पाच जणांना बेल्जियन लोकांनी लपवलं आणि कॉमेट या गुप्त साखळीने पॅरिसमार्गे जिब्राल्टरला पोचवलं. बेल्जियम तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं; आपल्या घरात ब्रिटिश वैमानिक सापडला तर काय होईल, हे त्या कुटुंबांना चांगलं ठाऊक होतं. त्यांचं धैर्य मला मॅन्सरपेक्षा तसूभरही कमी वाटत नाही.

त्या रात्री ४१ विमानं परतली नाहीत. कलोनमध्ये साडेचारशेहून अधिक माणसं मेली, सुमारे ४५ हजार बेघर झाली. तीही या घटनेचा तितकाच भाग आहेत, आणि मॅन्सरचं शौर्य सांगताना त्यांना वगळू नये.

परतलेल्या सोबत्यांच्या साक्षीवरून २० ऑक्टोबर १९४२ रोजी मॅन्सरला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्य सन्मान जाहीर झाला. त्याची कबर बेल्जियममधल्या हेव्हर्ली युद्धस्मशानात आहे. बेव्हिस्टॉक पुन्हा उडाला, सागरी विमानाचा कप्तान झाला आणि त्याने जर्मन पाणबुड्या बुडवल्या.