चाळीतल्या गणपतीपासून चौपाटीपर्यंत

उत्सव पाहण्यासाठी मुंबईत येणारा प्रवासी बहुधा थेट लालबाग गाठतो आणि तिथल्या रांगेतच त्याचा दिवस सरतो. माझ्या मते त्याने आधी गिरगावातील केशवजी नाईक चाळीत जावे, कारण मुंबईतील पहिला सार्वजनिक गणपती १८९३ साली याच चाळीत बसला आणि १९०१ साली लोकमान्य टिळक स्वतः येथे येऊन गेले. आजही शाडूची ती लहानशी मूर्ती पालखीतून येते, पालखीतूनच विसर्जनाला निघते आणि दर्शन घेणारा तिच्यासमोर हातभर अंतरावर उभा राहू शकतो.

गिरणगावात या उत्सवाने वेगळे रूप घेतले. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांपैकी अनेकजण बायकामुले गावी ठेवून एकेका खोलीत दाटीने राहत, त्यामुळे नाक्यावरचा गणपती हाच त्यांचा घरचा गणपती ठरला. चिंचपोकळीचे मंडळ १९२०चे, गणेश गल्लीचे १९२८चे. पेरूचाळ परिसरातील बाजार १९३२ साली बंद पडल्यावर उघड्यावर बसावे लागलेल्या कोळी बांधवांनी आणि किरकोळ विक्रेत्यांनी बाजाराला हक्काची जागा मिळावी म्हणून नवस केला. जागा मिळाली आणि १९३४ साली लालबागला गणपती बसला, तोही कोळ्याच्या वेशात. ‘नवसाला पावणारा’ या ख्यातीमागे अशी पोटापाण्याची गोष्ट आहे आणि ती रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद झाल्या, त्यांच्या जागी टॉवर आले. मंडळे मात्र टिकली.

नवसाचा हा धागा वांद्र्याच्या टेकडीवरही सापडतो. माउंट मेरीची, म्हणजेच मोतमाउलीची, जत्रा ८ सप्टेंबरच्या सुमारास आठवडाभर भरते आणि तिथे सर्व धर्मांचे भाविक जातात. टेकडीवरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, बाळे आणि चिमुकली घरे विकायला असतात; ज्याचे जे मागणे असेल, ते तो मेणाच्या रूपात माउलीला वाहतो. गणेश चतुर्थी तिथीनुसार मागेपुढे सरकते, त्यामुळे काही वर्षी हे दोन्ही उत्सव एकाच आठवड्यात पाहायला मिळतात. डिसेंबरात माहीमला सूफी संत मखदूम अली माहिमी यांचा उरूस भरतो आणि त्यात संदल, म्हणजे दर्ग्यावर वाहायचे चंदन, नेण्याचा मान परंपरेने मुंबई पोलिसांकडे असतो.

अनंत चतुर्दशीला मात्र गिरगाव चौपाटीवरच जावे. ऑगस्ट १९२० मध्ये टिळकांचे अंत्यसंस्कार याच वाळूत झाले. आज तिथे त्यांचा पुतळा आहे आणि शहरभरातून आलेले गणपती त्या पुतळ्याच्या साक्षीने रात्रभर, दुसऱ्या दिवशी उजाडून गेले तरी, समुद्रात उतरत असतात.