मीटरवर टांगलेला बांधकामाचा नियम

एखाद्या इमारतीला ऊर्जा संहिता, म्हणजे इमारतीने वीज कमी खावी म्हणून केलेली नियमावली, लागू होते की नाही, हे कायद्याच्या लेखी तिच्या विजेच्या जोडभारावर (जोडलेल्या सगळ्या उपकरणांच्या एकूण क्षमतेवर) किंवा वीज कंपनीशी केलेल्या करारातल्या मागणीवर ठरतं: जोडभार १०० किलोवॅट किंवा मागणी १२० केव्हीए. भिंत कशाची आहे, इमारतीचं तोंड कुठल्या दिशेला आहे, याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. बांधकामाचा नियम मीटरवर का टांगला गेला, हे तो कुठून आला ते पाहिलं की कळतं.

१९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या 'ॲश्रे' या संस्थेने १९७५मध्ये नव्या इमारतींसाठी ऊर्जेचं मानक काढलं. म्हणजे मुळात हे काम एसीवाल्यांचं. आपल्याकडे १९७०च्या राष्ट्रीय इमारत संहितेत उजेड-वाऱ्याची प्रकरणं होती, पण ती वाचायची आणि बाजूला ठेवायची. पुढे ऊर्जा संवर्धन कायदा २००१ आला, १ मार्च २००२ रोजी ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला, आणि २७ मे २००७ रोजी 'ईसीबीसी' (एनर्जी कन्झर्वेशन बिल्डिंग कोड) ही व्यापारी इमारतींसाठीची पहिली संहिता, बरीचशी ॲश्रेच्या सांगाड्यावर बेतलेली. मर्यादा होती ५०० किलोवॅट. २०१०च्या दुरुस्तीने ती १००वर आली.

ब्यूरो ऊर्जा मंत्रालयाचा, बांधकाम नियमावली मात्र राज्याच्या नगरविकास खात्याची. राज्याने अधिसूचना काढायची, मग ती नियमावलीत उतरायची, तेव्हा कुठे नकाशा मंजूर करणाऱ्या टेबलापर्यंत पोचायची. तोवर सगळं ऐच्छिक.

आर्किटेक्टला या संहितेची झळ सुरुवातीला फारशी बसली नाही. २००७च्या सोप्या, म्हणजे ठरवून दिलेले आकडे पाळायच्या मार्गात भिंतीच्या ६० टक्क्यांपर्यंत काच चालत होती. २०१७च्या आवृत्तीने ती ४०वर आणली. पण दोन्हींत दुसरीही वाट होती: संगणकावर अख्ख्या इमारतीचं गणित मांडा, काच जास्त असेल तर चिलर (एसीचं पाणी थंड करणारं यंत्र) चांगला बसवून भरपाई करा. एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचं दर्शनी रूप, जागच्या जागी राहिलं. काच आर्किटेक्टची, प्रायश्चित्त एसी कन्सल्टंटचं.

घरांसाठी डिसेंबर २०१८मध्ये 'इको-निवास संहिता' आली, तिच्या पहिल्या भागात ही सोय नव्हती. तिथे फक्त भिंती, छत आणि खिडक्या. मर्यादाही मीटरची नव्हे, जमिनीची: ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा भूखंड. थंड प्रदेश सोडून इतरत्र भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता सरासरी दर चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा जास्त नको. या आकड्याला 'आरईटीव्ही' म्हणतात. तो काढताना पश्चिमेची खिडकी, छज्ज्याची खोली, काचेचा प्रकार हे सगळं धरावं लागतं. हे मात्र कन्सल्टंटकडे ढकलता येत नाही.

खिडकीचंच घ्या. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्र चटई क्षेत्राच्या (कार्पेट एरियाच्या) एक षष्ठांश हवं. दोन पाटांची स्लायडिंग खिडकी यात निम्मीच धरली जाते, कारण ती उघडतेच निम्मी. बिल्डरांची लाडकी खिडकी इथे एकदम तोकडी पडते. भिंतीचं दुखणं याहून मोठं. मिवानच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तयार साच्यात ओतलेली सहा इंची काँक्रीटची भिंत झपाट्याने उभी राहते, पण एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) भिंतीच्या मानाने तिच्यातून किमान तिप्पट उष्णता आत येते. आता साचा ठरण्याआधीच हे सांगण्याची वेळ आर्किटेक्टवर येते, आणि बिल्डरच्या ऑफिसात हा संवाद फार गोड होत नाही.

ऊर्जा संवर्धन कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीने निवासी इमारती थेट कायद्याच्या कक्षेत आल्या, तेव्हा मोजमाप पुन्हा मीटरकडे गेलं: तेच १०० किलोवॅट. राज्यांना ही रेषा आणखी खाली आणायची मुभा मात्र आहे.