शिधापत्रिका गावात, आजारपण शहरात : स्थलांतरितांच्या आरोग्यसेवेची पार्श्वभूमी

मुंबईत नुकत्याच आलेल्या मजुराला अपघात झाला आणि त्याला महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात नेले, तर अपघात विभागात त्याचा केस पेपर निघतो. तो कुठल्या जिल्ह्याचा किंवा राज्याचा आहे, यावर त्याचे उपचार अडत नाहीत. मात्र त्याच माणसाला पुढे महागड्या शस्त्रक्रियेची गरज पडली आणि ती शासकीय योजनेतून करून घ्यायची वेळ आली, की शिधापत्रिका किंवा अधिवास प्रमाणपत्र मागितले जाते आणि तिथे त्याची वाट अडते. ही विसंगती कुणा एका कारकुनाच्या आडमुठेपणातून आलेली नाही. महाराष्ट्रातील सार्वजनिक आरोग्यसेवा वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या पायांवर उभी राहिली. काही सेवा समोर आलेल्या माणसासाठी होत्या, काही त्याच्या नोकरीसाठी आणि काही त्याच्या पत्त्यासाठी. नव्याने आलेल्या माणसाकडे यांपैकी फक्त पहिली गोष्ट खात्रीने असते.

मुंबईपुरते पाहिले, तर या प्रश्नाची सुरुवात १८९६ च्या प्लेगपासून धरावी लागते. त्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, तेव्हा शहरातील गिरणी कामगारांचा मोठा भाग रत्नागिरी, सातारा अशा जिल्ह्यांतून आलेला होता. आज ज्यांना आपण मुंबईचे मूळ मराठी कामगार म्हणतो, ते त्या वेळचे स्थलांतरित होते, हे या चर्चेत वारंवार विसरले जाते. रुग्णांना सक्तीने उचलून रुग्णालयात नेण्याचे धोरण आले आणि तिथे गेलेला माणूस परत येत नाही, ही भीती चाळींतून पसरली. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गावी परतले. आजारी पडल्यावर गाव गाठायचे, ही सवय त्याआधीही असणार, पण त्या दहशतीने ती अधिक घट्ट केली. आजही बाळंतपणासाठी किंवा लांबलेल्या तापासाठी अनेक कुटुंबे शहरातले उपचार अर्धवट टाकून गावची गाडी पकडतात. क्षयरोगासारख्या आजारात त्याची किंमत फार मोठी असते.

प्लेगनंतरच्या काळात सार्वजनिक रुग्णालयांची जी परंपरा मुंबईत रुजली, तिचे श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे. १८४५ पासूनचे जे. जे. रुग्णालय होतेच. १९२१ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयातून नायर रुग्णालय वाढले, १९२६ मध्ये परळला, अगदी गिरणगावात, केईएम उभे राहिले आणि स्वातंत्र्याच्या सुमारास शीवचे रुग्णालय आले. गर्दी, जमिनीवरच्या गाद्या आणि तासन्‌तासांच्या रांगा हे सगळे खरे असले, तरी गाव न विचारता रुग्णाला आत घेण्याची या रुग्णालयांची रीत देशातल्या कितीतरी स्थलांतरितांचा एकमेव आधार ठरली.

नोकरीला बांधलेली सेवा १९४८ च्या राज्य कामगार विमा (ईएसआय) कायद्याने आली आणि १९५४ मध्ये मुंबईत सुरू झाली. ईएसआयचा दवाखाना नोंदणीकृत कारखान्यातल्या कामगारासाठी होता. नाक्यावर उभा राहणारा बिगारी, घरकाम करणारी बाई आणि फेरीवाला त्यात कधीच बसले नाहीत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या आणि शहरात येणाऱ्यांना असंघटित काम मिळू लागले, तेव्हा हा आधारही आक्रसला.

ग्रामीण भागाची घडी निराळी होती. देशाच्या आरोग्यसेवेची आखणी करणाऱ्या १९४६ च्या भोर समितीने पैसे नाहीत म्हणून कुणालाही उपचार नाकारले जाऊ नयेत, हे तत्त्व मांडले. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे लोकसंख्येच्या मापावर बसवण्यात आली. सपाट प्रदेशात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र व ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी व आदिवासी भागात ३,००० व २०,०००. आणि २००५ नंतर साधारण १,००० लोकसंख्येमागे एक आशा, म्हणजे गावातलीच आरोग्य स्वयंसेविका. ही मोजणी माणूस राहत्या घरी सापडेल, असे धरून चालते.

ऊसतोड कामगारांच्या बाबतीत हे गृहीतकच कोसळते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून मुकादमाची उचल घेतलेले कोयते, म्हणजे बहुधा नवरा-बायकोच्या जोड्या, कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे किंवा कर्नाटकात जातात आणि सुमारे सहा महिने पालात राहतात. गरोदर बाईची नोंद गावच्या आशाताईकडे असते, पण तिचे सातवे-आठवे महिने फडात जातात. फडाच्या गावातल्या यादीत तिचे नाव नसते आणि खाडा पडला की मजुरी कापली जाते. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने मोफत वैद्यकीय सुविधेची जबाबदारी ठेकेदारावर टाकली होती, पण तो फक्त राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांना लागू होता. बीडहून कोल्हापूरला गेलेली जोडी त्याच्या कक्षेबाहेर राहिली. केंद्राच्या २०२० च्या कामगार संहितेत हा कायदा विलीन झाला आणि कामगारसंख्येची किमान अट ५ वरून १० वर गेली. या दुर्लक्षाचे सर्वांत क्लेशदायक रूप २०१९ मध्ये समोर आले. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. जवळ भरवशाचा सरकारी दवाखाना नसला आणि एक दिवसही काम बुडवणे परवडत नसले, की साध्या दुखण्याचा शेवट खासगी शस्त्रक्रियेत कसा होऊ शकतो, ते या आकड्यांत दिसते.

तातडीच्या उपचारांची वाट मात्र न्यायालयांनी बरीच मोकळी केली. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जखमीचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य ठरवले. पोलिसी सोपस्कार नंतर. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील शेतमजुरांच्या संघटनेच्या याचिकेवर निकाल आला. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले होते. वेळेवर उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. महाराष्ट्रात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिका आणि सोबत डॉक्टर, अशी १०८ ची मोफत सेवा सुरू झाली. तिला ओळखपत्र लागत नाही. नवख्या माणसाची खरी अडचण स्वतःचा ठावठिकाणा सांगण्याची असते. बांधकामाच्या जागेला पत्ता नसतो, म्हणून जवळचे मंदिर, शाळा किंवा पेट्रोल पंप आधीच लक्षात ठेवणे जीव वाचवणारे ठरते. २०२० मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या रस्ते अपघात विमा योजनेत तर जखमी कुठल्या राज्याचा आहे, ही अटच ठेवली नव्हती.

पत्त्याची अट खऱ्या अर्थाने रुतली ती विमा योजनांत. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू आहे. तिचा पाया शिधापत्रिका हा होता. २०२३ च्या निर्णयाने उत्पन्नाची भिंत पाडली, विमा संरक्षण ५ लाखांपर्यंत नेले, पण महाराष्ट्राची शिधापत्रिका किंवा अधिवास ही अट राहिली. अधिवासासाठी साधारण १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते, म्हणजे नवा आलेला माणूस आपोआप बाहेर पडतो. २०१८ च्या केंद्रीय आयुष्मान योजनेचे कार्ड देशभर चालते, हा मोठा दिलासा आहे. पण ज्याच्या राज्यानेच ती स्वीकारली नाही, त्याला त्याचा उपयोग नव्हता. पश्चिम बंगाल जानेवारी २०१९ मध्ये बाहेर पडला आणि ओडिशा थेट २०२५ मध्ये आत आला. रेशनच्या धान्यासाठी महाराष्ट्र आणि गुजरात यांनी २०१९ मध्येच एकमेकांची कार्डे मान्य केली होती. धान्याला जे जमले ते राज्याच्या स्वतःच्या आरोग्य योजनेला जमू नये, याचे समाधानकारक उत्तर मला तरी सापडत नाही.

कोविडने हे सगळे एकदम उघडे पाडले. मे २०२१ मध्ये केंद्राला ओळखपत्र नसलेल्यांच्या लसीकरणासाठी वेगळी कार्यपद्धती काढावी लागली आणि ऑगस्टमध्ये असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू झाली. २०२२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आपला दवाखान्याने रात्री १० पर्यंत दारे उघडी ठेवली, तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. दिवसभर राबणाऱ्या माणसाला संध्याकाळी उघडा असलेला दवाखाना किती मोलाचा आहे, ते सकाळच्या बाह्यरुग्ण विभागाच्या वेळा ठरवणाऱ्यांना फार उशिरा उमगले. तापखोकला, मधुमेहाच्या गोळ्या, रक्ततपासणी एवढ्यासाठी आता बहुतेक ठिकाणी कागद आड येत नाही. हृदयाच्या झडपेसाठी किंवा कर्करोगासाठी मात्र अजूनही गावाकडून शिधापत्रिकेचा फोटो मागवावा लागतो, आणि ती दुसऱ्या राज्याची निघाली तर रुग्णाचे नातेवाईक मोठ्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागापुढे मदतनिधीचे अर्ज भरत बसतात.