लॅम्डाच्या नोंदीत काय ठेवावं, काय गाळावं

पेट्रोल गाडीची पीयूसी काढली की हातात येणाऱ्या कागदावर कार्बन मोनॉक्साइडच्या आकड्याजवळ 'लॅम्डा' असा एक रकाना दिसतो. बीएस-४ किंवा त्यानंतरच्या प्रदूषण मानकाच्या चारचाकीसाठी तिथे मर्यादा असते १, अधिक-उणे ०.०३. हे कशाचं माप, ते कागद सांगत नाही. घरी येऊन कुणी विज्ञानाचा कोश उघडला, तर लॅम्डा (λ) या ग्रीक अक्षरापुढे पहिला अर्थ सापडेल तो तरंगलांबी. तिचा गाडीच्या धुराशी काही संबंध नाही.

पीयूसीवरचा लॅम्डा हवेचा आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इंजिनात प्रत्यक्ष गेलेल्या हवेला या गरजेच्या हवेने भागलं की लॅम्डा मिळतो. आकडा ०.९ आला तर हवा कमी पडली आणि पेट्रोल जास्त झालं. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या तिघांचाही एकदम बंदोबस्त करतो, पण फक्त लॅम्डा एकच्या अगदी जवळ असेल तेव्हाच. मर्यादा इतकी काटेकोर आहे ती त्यामुळे. गॅरेजमध्ये ज्याला ऑक्सिजन सेन्सर म्हणतात तोच लॅम्डा सेन्सर.

हा अर्थ कोशात असलाच पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. पण मग बाकीच्यांचं काय? तरंगलांबी, किरणोत्सारी क्षयाचा स्थिरांक, नकाशाशास्त्रातले रेखांश, पदार्थाची उष्णतावाहकता, पॉयसाँ वितरणातली सरासरी, मॅट्रिक्सची आयगेन मूल्यं... ग्रीक अक्षरं चोवीसच आणि विज्ञानाच्या शाखा शेकडो, त्यामुळे ही यादी कितीही लांबवता येते. विषय किती मोठा यावरून निवड केली, तर विश्वरचनाशास्त्र आत येतं आणि पीयूसी बाहेर राहते.

मी लावेन ती कसोटी वेगळी आहे: लिहिणारा हे अक्षर अर्थ न सांगता वापरतो का? सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश, लॅम्डा ५८९ नॅनोमीटर, असं लिहिताना कुणी खुलासा करत नाही. म्हणून तरंगलांबी हवी. किरणोत्सारी पदार्थाचं अर्धायुष्य म्हणजे ०.६९३ भागिले लॅम्डा, हे सूत्रही अनेकदा उघडंबोडकंच समोर येतं. याउलट गणिताच्या असंख्य लेखांत 'लॅम्डा ही धन संख्या मानू' असं वाक्य असतं. तिथे लेखकानेच अर्थ दिलेला असतो, कोशाने त्यात पडू नये. अटी पाळून कमाल-किमान मूल्य शोधताना वापरतात तो लग्रांजचा गुणक सीमारेषेवर आहे. त्याला मी एक ओळ देईन, जास्त नाही.

काही ठिकाणी लॅम्डा कुठल्याच राशीचं चिन्ह नसतो, नुसतं नाव असतो. हेलियम २.१७ केल्विनपर्यंत थंड केला की त्याच्या विशिष्ट उष्णतेच्या आलेखाला लॅम्डासारखा आकार येतो, म्हणून त्या तापमानाला लॅम्डा बिंदू म्हणतात. ई. कोलाय जिवाणूत शिरणाऱ्या एका विषाणूचं नावही लॅम्डा. अशांना स्वतंत्र नोंदी द्याव्यात आणि इथे फक्त 'तिकडे पाहा' एवढंच म्हणावं. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतला लॅम्डा, म्हणजे नाव न देता लिहिलेलं छोटं फंक्शन, मात्र इथेच हवा. प्रोग्रामर तो रोज टाइप करतात, आणि त्याचं मूळ अलोन्झो चर्च यांनी १९३०च्या दशकात मांडलेल्या लॅम्डा कॅलक्युलसमध्ये आहे, हे त्यांतल्या अनेकांना कुणी सांगितलेलं नसतं.

वापरातून गेलेले अर्थ गाळायला बरेच संपादक उत्सुक असतात. मला ते पटत नाही. जुन्या जीवरसायनशास्त्रात एक लॅम्डा म्हणजे एक मायक्रोलिटर. आज ते एकक अधिकृत नाही, पण जुन्या शोधनिबंधात 'पाच लॅम्डा' वाचून अडलेला विद्यार्थी कोशाकडेच येणार. 'जुना वापर' असा शेरा मारून तो अर्थ ठेवावा.

मोठ्या लॅम्डाची, म्हणजे आडवी रेघ नसलेल्या इंग्रजी 'ए'सारख्या अक्षराची गोष्ट तर संपादकाची खरी परीक्षा घेणारी. आइनस्टाइन यांनी १९१७ साली आपल्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांत एक जास्तीचं पद घातलं, कारण त्याशिवाय विश्व स्थिर राहत नव्हतं. त्या पदाच्या स्थिरांकासाठी त्यांनी वापरला होता छोटा लॅम्डा. मोठा नंतर रूढ झाला. म्हणजे मूळ निबंध वाचणारा छोट्या लॅम्डाखाली शोधेल, आणि तिथे मोठ्याकडे नेणारी खूण नसेल तर भलत्याच अर्थावर जाऊन बसेल. पुढे विश्व प्रसरण पावतंय हे दिसलं आणि १९३१ साली आइनस्टाइन यांनी ते पद सोडून दिलं. त्या सुमाराच्या कोशकाराने हा अर्थ गाळला असता तर त्याला दोष देता आला नसता. मग १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांच्या, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या, निरीक्षणांतून प्रसरणाचा वेग वाढतोय असं दोन गटांना आढळलं, आणि स्थिरांक परत आला. त्या शोधाला २०११चं नोबेल मिळालं.

आता विश्वाच्या प्रसरणाचा वेध घेणाऱ्या, अ‍ॅरिझोनातल्या दुर्बिणीवरच्या डेसी प्रकल्पाने २०२४ आणि २०२५ मध्ये दिलेले संकेत असे आहेत की या स्थिरांकाने दाखवली जाणारी, प्रसरणाचा वेग वाढवणारी कृष्ण ऊर्जा कदाचित काळानुसार बदलत असावी. शिक्कामोर्तब अजून झालेलं नाही. म्हणून मोठ्या लॅम्डापुढे 'स्थिरांक' लिहिताना १९१७, १९३१ आणि १९९८ ही तिन्ही सालं सोबत छापावीत, आणि छोट्या लॅम्डाच्या नोंदीतून तिकडे बोट दाखवावं.