गिअर करकरतो? आधी डब्यावरचा ‘जीएल’ वाचा

जानेवारीतली सकाळ. जालन्याहून मोसंबी भरून पिकअप निघतो. पहिला गिअर पडतो, दुसऱ्याला मात्र ‘कर्र’. सात-आठ किलोमीटर गेलं की तोच गिअर अलगद पडायला लागतो. मिस्त्रीचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: “ऑइल पातळ झालंय, एकशेचाळीस नंबर (म्हणजे जास्त जाड) टाकू.” हा सल्ला नेमका उलटा आहे. गार असताना अडणारा आणि तापल्यावर सुटणारा गिअर म्हणजे तेल जाड आहे किंवा चुकीच्या जातीचं आहे, असा संशय आधी घ्यावा.

त्याआधी क्लच तपासा. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तरीही करकरलं, तर क्लच पूर्ण सुटत नाही. मग तेल बदलून काही होणार नाही.

गिअरबॉक्सच्या तेलाला दोन उलटसुलट कामं करावी लागतात. दातांवर ते निसरडं हवं, पण सिंक्रोच्या, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या भागाच्या, कड्यावर फार निसरडं नको. हे कडं बहुधा पितळेचं असतं, आतून शंकूसारखं, त्यावर बारीक खाचा. गिअर टाकला की ते गिअरच्या शंकूवर दाबलं जातं, खाचा मधलं तेल कापून बाजूला सारतात, घर्षणाने दोघांचा वेग जुळतो आणि मगच स्लीव्ह, म्हणजे गिअर जोडणारी सरकती बाही, पुढे सरकते. तेल जाड असेल तर ते बाजूला व्हायला वेळ लागतो. फार निसरडं असेल तर कडं पकडच घेत नाही. वेग जुळायच्या आत दात दातांवर आदळतात, तीच ती करकर.

म्हणून नंबराआधी डब्यावरचं ‘जीएल’ बघायचं. नंबर तेलाची जाडी सांगतो, ‘जीएल’ त्याची जात. जीएल-५ हे जीएल-४ पेक्षा ‘भारी’ तेल, हा समज गॅरेजोगॅरेजी आहे आणि तो चूक आहे. जीएल-५ मुख्यतः मागच्या डिफरेन्शियलसाठी, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गोळ्यासाठी. तिथल्या हायपॉइड क्राऊन-पिनियनचे (मोठ्या चक्राच्या मध्याखाली किंवा वर बसवलेल्या छोट्या चक्राच्या जोडीचे) दात एकमेकांवर घासत सरकतात, साधं तेल मधून निसटतं. त्यासाठी जीएल-५ मध्ये सल्फर-फॉस्फरसची भर जीएल-४ च्या साधारण दुप्पट असते. दाब आणि उष्णता वाढली की ही रसायनं पोलादावर पातळ थर धरतात. झिजतो तो थर, दात वाचतात. पण हाच सल्फर तापला की पितळ खाऊ शकतो. तेलाची ही खोड तपासायला तांब्याची चकचकीत पट्टी गरम तेलात बुडवून ठेवतात आणि ती किती काळवंडली ते पाहतात. नव्या जीएल-५ मध्ये सल्फरला आवर घालणारी रसायनं असतात, तरी सिंक्रोला नको असलेला निसरडेपणा उरतोच.

म्हणजे मागची चाकं ओढणाऱ्या जीप-पिकअपला बहुधा दोन वेगळे डबे लागतात: गिअरबॉक्सला जीएल-४, डिफरेन्शियलला जीएल-५. पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाड्यांत डिफरेन्शियल गिअरबॉक्सच्याच घरात असतं, पण तिथे हायपॉइड दात सहसा नसतात, त्यामुळे एकच तेल चालतं. काही कंपन्या थेट एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) किंवा स्वतःचं एमटीएफ (हाताने टाकायच्या गिअरबॉक्सचं तेल) सांगतात. तिथे पुस्तिकेबाहेर जाऊ नये. बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच बहुधा एकाच तेलात, तिथे जासो एमए (तेलात बुडालेल्या क्लचला चालणारी प्रत) लिहिलेलं इंजिन ऑइलच घ्यावं.

आता नंबर. ‘नव्वद’ ऐकून ते इंजिन ऑइलपेक्षा दुप्पट जाड वाटतं, पण दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या. १०० अंश सेल्सिअसला गिअर ऑइल ९० ची श्यानता (जाडी) १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स, म्हणजे इंजिनच्या ४०-५० नंबराइतकीच. १४० मात्र २४ च्या पुढे. ७५डब्ल्यू-९० आणि ८०डब्ल्यू-९० तापल्यावर सारखीच, गार असताना पहिलं पातळ. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, परभणीकडे हिवाळ्यात दहाच्या खाली येतो. पुस्तिकेत दोन्ही दिली असतील तर ८०डब्ल्यू-९० इथे पुरतं. कन्नडचा घाट भरल्या गाडीने रोज चढायचा म्हणूनही गिअरबॉक्समध्ये १४० टाकायची गरज नाही.

तेल बदलताना गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा आणि सपाट जागी उभी करा. आधी भरायचा नट सोडा, तो निघाला तरच खालचा. उलट केलंत आणि वरचा जाम निघाला, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावं लागेल. खालच्या नटच्या चुंबकावर करडा, मेणासारखा गाळ दिसला तर काळजी नाही. टोचणारे तुकडे दिसले तर दात गेले. तेलात सोनेरी चमक दिसली तर कडं झिजतंय. पितळ चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे तेल उन्हात धरूनच पाहावं लागतं. दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरलं. तापलेली गाडी ओढ्यात घातली की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करायचं छोटं तोंड) किंवा सीलमधून पाणी ओढलं जातं. काळ्या मातीने ब्रीदर बुजला तर आत दाब साठून तेल सीलमधून बाहेर येतं. तो दर वेळी मोकळा करावा.

नटखालचा वॉशर नवा घाला. भरण्याच्या भोकाच्या कडेपर्यंत तेल आलं आणि थेंब-थेंब गळू लागलं की थांबा. लेव्हल वेगळी दिली असेल तर तीच पाळा. ‘राहू द्या थोडं जास्त’ म्हणून वर ओतलेलं अर्धा लिटर घुसळून फेसाळतं, पुढच्या सीलमधून क्लचप्लेटवर उतरतं, आणि मग चढावर इंजिन ओरडतं पण गाडी हलत नाही.