शुक्र, टीबीचे पेशंट आणि दम्याचा पंप: ओझोनच्या भोकाची पार्श्वभूमी

ओझोनच्या थराला भोक पडलंय हे नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्या प्रत्येकाला पाठ आहे, भूगोलात ते भोक, निबंधात ते भोक, वक्तृत्व स्पर्धेत तर हमखास, आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांचा समज असा की त्या भोकातून ऊन आत येतं म्हणून उन्हाळा वाढलाय. तसं नाहीये. तापमानवाढ हे वेगळं प्रकरण, ओझोन वेगळं, दोघांचा एकमेकांशी थोडा संबंध आहे पण भोकातून ऊन गळतंय असा नाही. आता मधूनमधून बातमी येते की थर भरून येतोय आणि मग "जगाने मनावर घेतलं तर होतं" असे मेसेज फिरतात. बरोबरच आहे ते, पण ही गोष्ट १९८५ पासून, म्हणजे भोक सापडलं तिथून, सुरू केली की अर्धीच कळते. हा थर सापडला तो आकाश बघणाऱ्यांना, त्याची रोजची मोजणी रुळली ती टीबीच्या पेशंटांच्या नादात, आणि तो बिघडवणाऱ्या गॅसचा शेवटचा हट्टी ग्राहक निघाला दम्याचा पंप. म्हणून जरा मागून सुरू करू.

१८४० च्या सुमारास बाझलच्या श्योनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने ओझोन वासावरून ओळखला होता, पण तो डोक्यावर कित्येक किलोमीटर उंचीवर साठलाय हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. सुगावा लागला सूर्यामुळे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड कॉर्न्यू सूर्याच्या प्रकाशाचा वर्णपट बघत होते, आणि जांभळ्याच्या पलीकडे साधारण ३०० नॅनोमीटरच्या आसपास तो वर्णपट एकदम संपतो, हळूहळू मंद वगैरे होत नाही, संपतोच. सूर्य तिथे थांबत असेल असं मानायला काही कारण नव्हतं, म्हणजे वाटेत हवेतलं कोणीतरी गिळतंय. १८८१ मध्ये डब्लिनच्या हार्टले यांनी प्रयोगशाळेत दाखवलं की ओझोन नेमका तेवढाच पट्टा खातो, आणि त्यांनी अंदाज बांधला की हा ओझोन जमिनीलगत नाही, वर कुठेतरी असणार.

पुढची मजा व्याधाची. १८९० मध्ये विल्यम हगिन्स आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी व्याध ताऱ्याच्या वर्णपटात काही पट्टे टिपले जे कशातच बसत नव्हते. हे पट्टे व्याधाचेच असं समजून लोक बसले. १९१७ मध्ये फाउलर आणि स्ट्रट यांनी दाखवलं की ते पट्टे आपल्याच हवेतल्या ओझोनचे आहेत. इतकी वर्षं बिचाऱ्या व्याधाच्या नावावर आपल्या घरचा हिशोब चालू होता! त्याच्या थोडं आधी, १९१३ मध्ये, मार्सेयच्या फाब्री आणि ब्युइसाँ यांनी वरचा ओझोन किती आहे हेही मोजलं होतं. सगळा ओझोन खाली आणून जमिनीवरच्या दाबाला दाबून ठेवला तर त्याचा थर होतो फक्त काही मिलीमीटर, आज आपण सरासरी ३ मिलीमीटर धरतो. बस. सूर्याच्या जहाल किरणांपासून वाचवणारी सगळी पुंजी तेवढीच.

आता आरोसा. स्वित्झर्लंडमधलं डोंगरातलं गाव, आणि मला विचाराल तर या अख्ख्या कहाणीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग. तेव्हा टीबीवर औषध नव्हतं. पैसेवाले पेशंट उंच डोंगरावरच्या सॅनेटोरियममध्ये जाऊन बाल्कनीत उन्हात पडून राहायचे, महिनोन्‌महिने. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना कातडीचा टीबी प्रकाशाने बरा करण्याबद्दल १९०३ चं वैद्यकाचं नोबेल मिळालेलं होतं, त्यामुळे उन्हात काहीतरी आहे यावर डॉक्टरांचा विश्वास होता. पण काय आहे? कुठले किरण, किती, कुठल्या महिन्यात, सकाळी का दुपारी? डोसच माहिती नाही आणि औषध देताय असा प्रकार. दावोसमध्ये कार्ल डॉर्नो या गृहस्थांनी, ज्यांच्या मुलीलाच टीबी होता, १९०७ मध्ये स्वतःचे पैसे घालून उन्हाची मोजमापं करणारी संस्था काढली. मग शेजारच्या आरोसाला स्वस्थ बसवेना. गावाच्या पर्यटन मंडळाने १९२१ मध्ये आपली वेधशाळा काढली आणि त्यावर बसवलं पॉल गोएट्झ यांना. हे गोएट्झ खगोलशास्त्र शिकलेले, चंद्राच्या पृष्ठभागाच्या प्रकाशमापनावर डॉक्टरेट केलेले, आणि दावोसला पहिल्यांदा आले होते ते टीबीचे पेशंट म्हणून.

सॅनेटोरियमच्या गच्चीवर गोएट्झ अतिनील किरण मोजायला लागले आणि लक्षात आलं की आकाश सारखंच निरभ्र दिसत असलं तरी आकडे दिवसागणिक, ऋतूगणिक खालीवर होतायत. ढगांचा, धुळीचा हिशोब लावूनही उरतं ते काय? ओझोन. म्हणजे पेशंटला मिळणारं ऊन समजायचं तर आधी ओझोन मोजायला हवा. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ गॉर्डन डॉब्सन यांनी १९२४ मध्ये ओझोन मोजायचं उपकरण बनवलं होतं. तत्त्व सोपं आहे, सूर्याच्या प्रकाशातल्या दोन तरंगलांब्या घ्यायच्या, एक ओझोन भरपूर खातो ती आणि दुसरी फारशी खात नाही ती, आणि खाली पोचेपर्यंत दोघींच्या प्रमाणात किती फरक पडला ते बघायचं. असं एक उपकरण १९२६ मध्ये आरोसाला आलं. तिथून जी मोजणी सुरू झाली ती या प्रकारातली जगातली सगळ्यात लांब सलग नोंद आहे, शतक गाठलंय तिने.

गंमत म्हणजे ज्या कारणासाठी मोजणी सुरू झाली ते कारण वीस-पंचवीस वर्षांत मेलं. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं, टीबीला गोळ्या-इंजेक्शन मिळाली, सॅनेटोरियमची हॉटेलं झाली, आरोसात लोक स्कीइंगला यायला लागले. १९५४ मध्ये गोएट्झ गेले. मोजणी मात्र चालू राहिली, कधी निधीची ओढाताण, कधी कोणाच्या तरी हट्टावर. बंद पडली असती तर कोणी विचारलंही नसतं.

डॉब्सन यांनी १९२८ च्या सुमारास उपकरणं लांबलांब पाठवली, कॅलिफोर्निया, इजिप्त, न्यूझीलंड आणि आपल्याकडे कोडाईकनाल. कोडाईकनालच का, तर तिथे सूर्याची वेधशाळा होती. जाता जाता पुणेकरांसाठी: पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती, तिथले कावसजी नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाल्यावर ती बंद झाली आणि दुर्बिणी वगैरे सगळं सामान गेलं त्याच कोडाईकनालला. पुण्यात ओझोनच्या कामातलं मोठं नाव म्हणजे अण्णा मणी. त्या १९४८ पासून पुण्याच्या हवामान खात्यात उपकरणांच्या विभागात होत्या, १९६० नंतर त्यांनी ओझोनचं काम हातात घेतलं आणि फुग्याला बांधून वर सोडायचं ओझोन मोजणारं यंत्र, ओझोनसाँड म्हणतात ते, भारतात बनवून दाखवलं. तेव्हा असं यंत्र स्वतः बनवणारे देश मोजके होते. आपल्याकडे ओझोन म्हटलं की यांचं नाव फारसं कोणी घेत नाही, घ्यायला पाहिजे.

इकडे दुसऱ्या टोकाला बिघाडाची तयारी चालू होती, अर्थात सगळं भल्यासाठीच. १९२० च्या दशकातले फ्रीज अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असल्या गॅसवर चालायचे, गळले तर माणूस दगावायचा. अमेरिकेत थॉमस मिजली आणि मंडळींनी १९२८ मध्ये सीएफसी, म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन जातीचे गॅस, शोधले, विषारी नाही, जळत नाही, कशाशी भांडत नाही. १९३० मध्ये मिजलींनी भर सभेत तो गॅस छातीत भरून घेतला आणि फुंकून मेणबत्ती विझवली, दोन्ही गोष्टी एका फुंकरीत सिद्ध. (पेट्रोलमध्ये शिसं घालायची आयडियाही याच माणसाची. एकेकाचं नशीब.) मग फ्रीज, एसी, फोम, स्प्रे, आणि १९५६ मध्ये दम्याचा पंप. ठरलेल्या मापाचा डोस फवारणारा हा पंप अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीजने आणला, आधी काचेचे नाजूक फवारे असायचे, त्यातून औषध किती गेलं याचा पत्ता नाही. पंपातलं औषध ढकलायला सीएफसी. दमेकऱ्यांसाठी ही केवढी सोय होती हे ज्याच्या घरात दमा आहे त्याला सांगायला नको.

पण जो गॅस कशाशीच भांडत नाही तो जातो कुठे? १९७१-७२ मध्ये जेम्स लव्हलॉक यांनी स्वतः बनवलेलं अतिसंवेदनशील यंत्र घेऊन जहाजावरून अटलांटिकभर हवा तपासली, सगळीकडे सीएफसी सापडला. त्यांना त्यात काही धोका दिसला नाही. कॅलिफोर्नियात शेरवूड रोलँड आणि मेक्सिकोहून आलेला तरुण मारिओ मोलिना यांना मात्र प्रश्न पडला की पुढे काय होतं, आणि जून १९७४ मध्ये त्यांनी उत्तर छापलं: हा गॅस वर जातो, तिथल्या अतिनील किरणांनी फुटतो, क्लोरिन मोकळा होतो आणि एकेक क्लोरिन हजारो ओझोन रेणू मोडतो. क्लोरिन स्वतः संपत नाही, हीच खरी गोम.

इथे शुक्र येतो. १९६७ मध्ये शुक्राच्या वर्णपटात हायड्रोजन क्लोराइड सापडलं होतं, त्यामुळे त्या ग्रहाच्या हवेत क्लोरिन काय काय उद्योग करतो याची गणितं काही लोक आधीच मांडून बसले होते, हार्वर्डचे मायकल मॅकेल्रॉय त्यातलेच. पृथ्वीचा प्रश्न आल्यावर या लोकांना शून्यातून सुरुवात करावी लागली नाही, त्यांनी आपली गणितं इकडे वळवली आणि मोलिना-रोलँड यांचं म्हणणं टिकतंय असं निघालं. शुक्राचा अभ्यास करून काय मिळतं असं विचारणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो.

तरी हे सगळं कागदावर होतं. पुरावा आला अंटार्क्टिकातल्या हॅली बे इथून, जिथे ब्रिटिश लोक १९५६ पासून डॉब्सनच्याच उपकरणाने मोजत होते. हातांनी भरलेले तक्ते केंब्रिजला त्यांच्या संस्थेत येऊन पडायचे आणि साठायचे. जोनाथन शँकलिन यांच्याकडे ते कंप्युटरवर चढवायचं काम होतं, आणि संस्थेत लोकांसाठी खुला दिवस होता त्यासाठी त्यांनी आलेख काढायला घेतला, हेतू हा की बघा, ओझोन जसाच्या तसा आहे, उगाच घाबरू नका. आलेख उलटंच सांगायला लागला. ऑक्टोबरची सरासरी ३०० डॉब्सन एककांच्या (१०० एककं म्हणजे दाबलेल्या ओझोनचा १ मिलीमीटर थर) आसपास असायची ती २०० च्या आसपास. उपकरण बिघडलं असेल म्हणून दुसरं उपकरण आणून बघितलं, तेही तेच सांगतंय. मे १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांचा पेपर आला, हेच ते भोक. नासाच्या उपग्रहाने हे आधीच बघितलं होतं पण कंप्युटरने आकडे फेकून दिले, ही गोष्ट खूप ऐकवली जाते, ती जरा तिखटमीठ लावलेली आहे. १८० च्या खालचे आकडे संशयास्पद म्हणून बाजूला खूण करून ठेवले जात होते आणि त्यांची तपासणी चालू होती, पण छापून येण्यात ब्रिटिश पुढे गेले. भोक तिथेच आणि वसंतातच (तिकडे तो सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो) का, याचं उत्तर पुढच्या वर्षी सुसान सॉलोमन यांनी दिलं, ध्रुवावरच्या कडाक्याच्या थंडीत जे ढग बनतात त्यांच्या कणांवर क्लोरिन मोकळा व्हायला तयार होऊन बसतो आणि ऊन आलं की सुटतो.

सीएफसीसारखे गॅस कमी करत न्यायचा १६ सप्टेंबर १९८७ चा मॉन्ट्रियल करार सगळ्यांना माहिती असतो. त्यानंतरची लंडनची १९९० ची बैठक कमी लोकांना माहितीये, आणि माझ्या मते खरी कसोटी तिथे होती. भारत आणि चीन म्हणत होते की गॅस सोडला तुम्ही, आमच्याकडे आत्ता कुठे घराघरात फ्रीज येतायत, बदलीचं तंत्रज्ञान आणि पैसे कोण देणार? आपल्या बाजूने तेव्हा पर्यावरण मंत्रालय सांभाळणाऱ्या मेनका गांधी होत्या. या रेट्यातून विकसनशील देशांसाठी निधी ठरला, आणि १९९२ मध्ये भारत करारात आला. हा निधी नसता तर मॉन्ट्रियल हा श्रीमंत देशांचा आपापसातला ठराव राहिला असता.

फ्रीजचा गॅस बदलणं त्या मानाने सोपं गेलं. पंप अवघड, कारण तिथे नुसता गॅस बदलून चालत नाही, औषध नव्या गॅसमध्ये नीट विरघळायला किंवा मिसळायला पाहिजे, झडप, रबर, डोस सगळं नव्याने, आणि परत पेशंटवर चाचण्या. म्हणून पंपांना वर्षानुवर्षं सूट मिळत गेली, भारतानेही २०१० साठी अशी सूट घेतली होती. अमेरिकेत २००८ च्या अखेरीस सीएफसीवाले साल्ब्युटामॉलचे (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) पंप बंद झाले तेव्हा स्वस्त जेनेरिक गेले आणि महागडे ब्रँडचे पंप उरले, बिल भरलं दमेकऱ्यांनी. हे पर्यावरणाच्या यशोगाथेत कोणी लिहीत नाही.

थर भरतोय हे खरं आहे, पण संथ, कारण वर गेलेला सीएफसी पन्नास ते शंभर वर्षं टिकतो. २०१८ मध्ये तर उलटी बातमी आली होती, सीएफसी-११ हवेत जेवढ्या वेगाने कमी व्हायला हवा तेवढा होत नव्हता, कुठेतरी चोरून बनतोय, शोध घेतला तर बराचसा माग पूर्व चीनकडे निघाला, आणि बोभाटा झाल्यावर प्रमाण परत उतरलं. मोजणारे जागेवर होते म्हणून पकडलं गेलं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या अहवालाचा अंदाज असा की १९८० ची पातळी बहुतेक जगावर २०४० च्या आसपास, आर्क्टिकवर २०४५ आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास येईल.

आणि पंपाचं काम अजून संपलेलं नाही. सीएफसीच्या जागी जो एचएफए (हायड्रोफ्लुरोअल्केन) गॅस आला तो ओझोनला हात लावत नाही पण पृथ्वी तापवतो, कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त, म्हणून मॉन्ट्रियल कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीत त्या जातीच्या गॅसांवरही कात्री आली. कंपन्या आता तिसरा गॅस घेऊन परत त्याच चाचण्यांमध्ये गुंतल्यात. आपल्याकडे बरेच पेशंट पावडरची कॅप्सूल टाकून ओढायचं यंत्र वापरतात, त्यात गॅस नसतोच, फक्त ओढायला छातीत थोडा जोर लागतो, त्यामुळे लहान मुलं आणि जोराचा अटॅक आलेला माणूस यांच्यासाठी पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) घरात ठेवावाच लागतो.