४२ हजारांची सुई

पेणजवळ जोह्याला माझ्या मावसभावाचा गणपतींचा कारखाना आहे. ज्येष्ठ लागला की दादाचे फोन बंद होतात, कारण बोलायला सवडच नसते. यंदा मात्र त्याने आपणहून फोन केला. मुंबईहून आलेल्या एका कारागिराकडे त्याने जपानी एअरब्रश (हवेच्या झोताने रंग फवारणारं पेनासारखं हत्यार) पाहिला होता, इवाटा कंपनीचा कस्टम मायक्रॉन. गालावरची लाली, पापणीखालची सावली, सोंडेच्या वळ्या, कुठे म्हणून दाणा दिसत नव्हता. दादाच्या दीड हजारवाल्या एअरब्रशने त्याच गालावर बारीक ठिपके उडत होते. दुकानदाराने नव्याचा भाव सांगितला ४२ हजार. "तू ती छोटी विमानं रंगवतोस ना, तुला कळतं त्यातलं. घेऊ का?"

रविवारी येतो म्हटलं. फोनवर उत्तर देण्यासारखा प्रश्न नव्हता.

एअरब्रशची रचना तशी जुनी. अमेरिकेत चार्ल्स बर्डिक यांनी १८९०च्या दशकात जी बसवली, तिचाच वंश अजून चालू आहे. मधोमध एक लांब निमुळती सुई, तिच्या टोकावर शंकूसारखं नोझल. खटका खाली दाबला की नोझलभोवतीच्या कडीसारख्या फटीतून हवा सुटते. तोच खटका मागे ओढला की सुई मागे सरकते, नोझलचं तोंड उघडतं आणि रंग बाहेर येतो. सुसाट सुटलेल्या हवेमुळे सुईच्या टोकापाशी दाब घटतो, रंग तिकडे ओढला जातो आणि हवा त्याच्या चिंध्या करते. पृष्ठताण रंगाला गोळा करू पाहतो, हवा त्याला फाडू पाहते. या ओढाताणीतून केसाच्या जाडीहूनही बारीक थेंब तयार होतात.

साध्या एअरब्रशचं नोझल ०.३ ते ०.५ मिमीचं असतं, कस्टम मायक्रॉनच्या सर्वांत बारीक मॉडेलचं ०.१८ मिमीचं. बहुतेकांची समजूत अशी की भोक लहान म्हणून रेघ बारीक. हे अर्धंच खरं आहे. बारीक रेघ मारताना सुई जेमतेम हललेली असते, त्यामुळे रंग भोकातून नाही, तर सुई आणि नोझल यांच्यामधल्या फटीतून येतो. अशा अरुंद फटीचा नियम मोठा तापट आहे: फट दुप्पट झाली की प्रवाह ढोबळमानाने आठपट होतो. बोट जरासं जास्त मागे गेलं की रेघेचा ओघळ का होतो, ते यावरून कळेल.

आणखी एक गंमत. सुई बरोबर मधोमध असेल तर फट सगळीकडून सारखी राहते. तीच सुई एका कडेला टेकली, तर फटीचं एकूण क्षेत्रफळ तेवढंच राहूनही प्रवाह अडीचपटीपर्यंत जातो, आणि तोही एकाच बाजूने. स्वस्त एअरब्रशची रेघ एका अंगाला धूसर, दुसऱ्या अंगाला गडद पडते ती बऱ्याचदा याच कारणाने. सुईची घासाई, नोझलचं केंद्र, दोघांची जुळणी, सगळा खेळ मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचा. ४२ हजारांतले बरेचसे पैसे तिथे जातात. म्हणजे विकत मिळतो तो बोटाखालचा ताबा. रेघ मारायची आपल्यालाच.

पण नोझलमधून सुटल्यावर पुढे जो झोत असतो, त्याला किंमत कळत नाही. मोकळ्या हवेत सुटलेला झोत आजूबाजूची हवा ओढून घेत साधारण २४ अंशांत पसरतो. एक सेंटीमीटर अंतरावर तो ४ मिमी रुंद झालेला असतो. रंगाचा गाभा त्याहून अरुंद असतो हे खरं, तरी अर्ध्या मिलिमीटरची रेघ हवी तर एअरब्रश पृष्ठभागापासून दोन-तीन मिलिमीटरवर न्यावा लागतो. एवढ्या जवळून नेहमीचा दाब ठेवला तर ओला रंग कोळ्याच्या पायांसारखा चहूकडे पळतो, म्हणून दाब उतरवावा लागतो. दाब उतरवला की हवेची फाडण्याची ताकद कमी होते आणि थेंब जाडे पडतात. मग रंग दुधाहून पातळ करायला लागतो. ही साखळी दीड हजारवाल्याला लागू आहे तशीच ४२ हजारवाल्यालाही.

रविवारी कारखान्यात पाय ठेवला तेव्हा बाहेर धो धो पाऊस, आत ओळीने पांढऱ्या मूर्ती आणि कोपऱ्यात कॉम्प्रेसर घरघरत होता. टाकीखालचा कॉक शेवटचा कधी उघडला होता, असं विचारल्यावर दादाने मुलाकडे पाहिलं आणि मुलाने छताकडे. फळीवरचा एक चहाचा ग्लास खाली धरला आणि कॉक फिरवला. फुस्स आवाज करत तांबूस पाणी आलं. ग्लास भरला, तरी येतच होतं.

हिशेब सोपा आहे. आषाढात ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता धरली, तर कोकणातल्या एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम वाफ असते. कॉम्प्रेसर ती हवा दाबून पाचव्या हिश्शात बसवतो. टाकी गार झाली की त्या जागेत फक्त सहा ग्रॅम वाफ मावते. उरलेलं २० ग्रॅम पाणी होतं, म्हणजे चार चमचे. नुसता एअरब्रश चालवला तर एक घनमीटर हवा तासाभरात जाते, पण मूर्तीच्या अंगाचा रंग मारायची मोठी गन लावली की दहाएक मिनिटांतच. दिवसभरात किती पाणी साठत असेल ते बघा. त्यातलं थोडं नळीतून पुढे जातं आणि नेमकं लाली मारताना थुंकल्यासारखं गालावर पडतं. दादा ज्या ठिपक्यांसाठी ४२ हजार मोजायला निघाला होता, त्यातले निम्मे तरी पाण्याचे होते.

उरलेले ठिपके सुईचे. सुई काढून टोक बोटाच्या नखावरून अलगद फिरवलं तर एका ठिकाणी ती अडकली. मोबाइलचा कॅमेरा झूम करून पाहिलं, टोक गळासारखं वळलेलं. कधीतरी फरशीवर पडली असणार. महाग सुईही फरशीवर पडली की अशीच वळते, आणि महाग एअरब्रशचे सुटे भागही महागच असतात. ज्या कारखान्यात दिवसाला दहा हात एकच एअरब्रश उचलतात, तिथे हा खर्च आधी धरलेला बरा.

मग रंग. पांढऱ्यातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा कण असतो पाव मायक्रॉनच्या आसपास. ०.१८ मिमी म्हणजे १८० मायक्रॉन, त्यातून तो आरामात जातो. दागिन्यांच्या सोनेरी आणि मोतिया रंगात मात्र अभ्रकाचे पापुद्रे असतात, साधारण १० ते ६० मायक्रॉनचे. धान्याच्या कोठीचं तोंड दाण्याच्या पाच-सहा पटींहून लहान असेल तर दाणे एकमेकांना टेकून कमान धरतात आणि कोठी तुंबते. इथेही थोडाफार तोच प्रकार. मोठे तीन पापुद्रे शेजारी आले की १८० मायक्रॉन संपले. मुकुटासाठी तो एअरब्रश निरुपयोगी आहे, असं मी दादाला सरळ सांगितलं.

राहता राहिला बघणाऱ्याचा डोळा. धडधाकट नजरेला दोन खुणा वेगळ्या दिसायला साधारण एक कलेचं अंतर लागतं, म्हणजे अंशाचा साठावा भाग. एक फूट लांबून, ३० सेंटीमीटरवर, ते ०.०९ मिमी होतं. घरच्या आरतीत दीड मीटरवर ०.४४ मिमी. मंडळाच्या रांगेत पाच मीटरवर जवळजवळ दीड मिलिमीटर. मंडळाच्या मूर्तीवर ०.२ मिमीची सावली म्हणजे कारागिराने स्वतःच्या समाधानासाठी केलेलं काम. त्याला माझा विरोध नाही, पण त्याचा हिशेब वेगळा.

माझ्याकडे ०.२ मिमीचा एअरब्रश आहे आणि तो घेतल्याचा पस्तावा नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन विमानांच्या अंगावर फवारून केलेले धूसर डाग असत. मूळ डागाची कड पाच सेंटीमीटर पसरट असेल, तर १:७२ प्रमाणात ती ०.७ मिमी भरते, आणि मॉडेल लोक नाकाला लावून बघतात. तिथे ०.५ मिमीचं नोझल घेऊन बसणं म्हणजे झाडूने आखणी करणं.

दादाच्या चारशे मूर्तींपैकी साठेक अशा, की ज्यांचं गिऱ्हाईक चेहरा हातात घेऊन निरखतं. ४२ हजार भागिले ६०, म्हणजे पहिल्या वर्षी मूर्तीमागे ७०० रुपये. सुई-नोझल सांभाळून पाच वर्षं टिकवला तर १४०.

दुपारी तो मुंबईचा कारागीर आपला एअरब्रश घेऊन आला. आम्ही नळीला पाणी धरणारा फिल्टर लावला, दादाच्या एअरब्रशला नवी सुई घातली, रंग गाळून घेतला. तडा गेलेली एक मूर्ती बाजूला होती, तिच्या एका गालावर एकाने लाली मारली, दुसऱ्यावर दुसऱ्याने. दीड मीटरवरून आम्हाला कोणाला फरक सांगता येईना. झिरो नंबरच्या ब्रशने डोळ्यांची आखणी करत बसलेले म्हातारे काका उठले, मूर्ती खिडकीशी नेली, डोळ्यांजवळ धरली आणि न विचारता म्हणाले, "डावा मऊ आहे." डावा जपान्याचा होता.

"साठ मूर्ती," दादा पुटपुटला. "पुढच्या वर्षी बघू. आधी तो फिल्टर घेतो." तेवढ्यात चहा आला, आणि दोन घोट झाल्यावर वहिनीला कोणीतरी विचारलं, ग्लासाला आज गंजाचा वास कसा काय येतोय.